गुंतवळ, गळा आणि सहा महिन्यांचा धीर

वेणी घालून झाली की फणीत अडकलेले केस काढायचे, बोटाभोवती गुंडाळून त्यांचा गुंतवळ करायचा आणि टाकून द्यायचा, हे आपल्या घरांत रोजचंच. त्याच्याकडे कुणी निरखून पाहत नाही. एक दिवस मात्र तो बोटाभोवती नेहमीपेक्षा दोन वेढे जास्त घेतो. मग न्हाणीघराच्या जाळीत, उशीच्या अभ्र्यावर, कणीक मळताना परातीत, सगळीकडे केसच दिसू लागतात. आई तेल बदलायला सांगते, मैत्रीण शाम्पू सुचवते, शेजारच्या काकू कांद्याच्या रसाचा उपाय सांगतात. यात तीन-चार महिने जातात आणि मग कुणीतरी विचारतं, "थायरॉइड तपासलंस का गं?"

केस गळण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि दर वेळी थायरॉइडच असतं असं नाही. पण ते असेल, तर डोक्यावर काहीही चोळणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय योग्य औषध सुरू झालं तरी गळती दुसऱ्या दिवशी थांबत नाही. केसांचं स्वतःचं एक वेळापत्रक असतं आणि ते माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक बरोबर चाललेलं औषध मध्येच सोडून देतात. म्हणून कारण ओळखणं जितकं गरजेचं, तितकंच धीर किती काळ धरायचा हे कळणंही.

केसांचा साधा हिशेब

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं चक्र वेगळं चालतं. दोन ते सहा-सात वर्षं तो वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरती होते, मग सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर बसून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच जागी नवा केस उगवतो. निरोगी माणसाच्या डोक्यावर दहातले नऊ केस वाढत असतात आणि एक विश्रांती घेत असतो. म्हणजे एक लाखांपैकी दहा हजार केस विश्रांतीत. ते शंभर दिवसांत गळायचे, तर रोजचे शंभर झाले. म्हणूनच दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं ही तक्रार नव्हे, तो निसर्गक्रम आहे.

आता समजा, काही कारणाने दहातल्या एका केसाऐवजी तीन केस विश्रांतीत गेले. तीन महिन्यांनंतर रोज तीनशेच्या आसपास केस गळू लागतील. थायरॉइड बिघडला की नेमकं हेच होतं.

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की अनेकांच्या पोटात गोळा येतो: केस मुळासकट आला, आता तिथे पुन्हा काही उगवणार नाही! तसं नसतं. तो ठिपका विश्रांती संपवून गळालेल्या केसाचं टोक असतो. केस घडवणारं मूळ कातडीच्या आत शाबूत राहतं. थायरॉइडमुळे होणाऱ्या गळतीत ही मुळं सहसा मरत नाहीत, थांबतात. या लेखातली सगळी आशा या एका गोष्टीवर उभी आहे.

गळ्यातून डोक्यापर्यंत

थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखरासारखे पंख पसरून बसलेली असते. अन्नातल्या आयोडीनपासून ती टी४ आणि टी३ ही संप्रेरकं बनवते. शरीरातल्या बहुतेक पेशींनी किती वेगाने काम करायचं, हे ती संप्रेरकं ठरवतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच पाठवून थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइड मंदावला की टीएसएच वाढतं, तो अतिउत्साही झाला की टीएसएच घसरतं. रिपोर्ट पाहून गोंधळ होतो तो याच उलट नात्यामुळे.

केसाचं मूळ हे शरीरातलं अत्यंत कामसू ठिकाण आहे. तिथल्या पेशी झपाट्याने विभागत असतात आणि त्यांना या संप्रेरकांची थेट गरज लागते. माणसाच्या केसांची मुळं प्रयोगशाळेत जिवंत ठेवून केलेलं एक संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात टी४मुळे केसाचा वाढीचा काळ लांबतो आणि टी३, टी४ या दोन्हींमुळे केसांच्या रंगद्रव्यालाही चालना मिळते, असं दिसलं.

संप्रेरक कमी पडलं, म्हणजे हायपोथायरॉइडिझम झाला, की केस कोरडे, राठ आणि ठिसूळ होतात, विंचरताना मध्येच तुटतात. गळती एका जागी होत नाही, सगळं डोकं विरळ होतं. 'शेपटा निम्मा झाला' असं बायका म्हणतात ते यालाच. भुवयांची कानाकडची टोकं झडणं ही या विकाराची जुनी, ओळखीची खूण. मात्र ती एकमेव नव्हे. वारंवार थ्रेडिंग, त्वचेची जुनी ॲलर्जी, क्वचित कुष्ठरोग यांतही भुवया झडतात, त्यामुळे त्या एका खुणेवरून निदान करू नये. काखेतले आणि अंगावरचे केसही विरळ होऊ शकतात. सोबत थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, पाळीत जास्त रक्तस्राव, आवाज जड होणं यांतली काही लक्षणं असतील तर संशय बळावतो.

संप्रेरक जास्त झालं, म्हणजे हायपरथायरॉइडिझम असला, तरी केस गळतातच. फरक इतकाच, की इथे केस मऊ आणि अगदी बारीक होतात. जोडीला छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, उकाडा सहन न होणं, भूक असूनही वजन उतरणं आणि झोप उडणं.

तिसरी वाट प्रतिकारशक्तीची. थायरॉइडचे बरेच विकार शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटल्यामुळे होतात. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हाशिमोतोचा आजार हे त्याचं ठळक उदाहरण. अशा माणसांत चाई, म्हणजे डोक्यावर किंवा दाढीत नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडणं, आणि कोड हे विकार इतरांपेक्षा अधिक दिसतात. चाईवर थायरॉइडची गोळी हे औषध नव्हे. तिचे उपचार वेगळे असतात आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावं लागतं.

हे सगळं बायकांचंच, हा समजही सोडायला हवा. थायरॉइडचे विकार स्त्रियांत जास्त आढळतात हे खरं, पण पुरुषांचे केस विरळ झाले की 'टक्कल घराण्यातच आहे' म्हणून विषय तिथेच संपतो. वडिलोपार्जित टक्कल कपाळाच्या कोपऱ्यांतून आणि टाळूवरून सुरू होतं. सगळीकडून सारखी गळती होत असेल, तर पुरुषांनीही रक्त तपासून घ्यावं.

तपासणी करताना

मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणी झालेल्या एका मोठ्या पाहणीत शंभरातल्या जवळपास ११ प्रौढांत हायपोथायरॉइडिझम आढळला. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. इतका हा विकार आपल्या आसपास आहे आणि त्याची पहिली तपासणी साधी आहे: टीएसएच, आणि गरजेप्रमाणे फ्री टी४. प्रतिकारशक्तीचा संबंध वाटला तर डॉक्टर अँटी-टीपीओ ही चाचणी सांगतात. टीएसएचची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते. गरोदरपणात आणि उतारवयात ती वेगळी धरतात.

टीएसएच थोडंसंच वाढलेलं, दहाच्या आत, आणि टी४ व्यवस्थित असेल, तर केसगळतीचं सगळं खापर त्यावर फोडू नका. अशा वेळी दुसरं कारण सापडण्याची शक्यता बरीच असते. त्याच रक्तात हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घेणं शहाणपणाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. थायरॉइड आणि लोहाची कमतरता एकाच बाईला असणं मुळीच दुर्मीळ नाही. एकाचाच उपचार झाला तर केस अर्ध्या वाटेवर अडतात.

एक सूचना ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील, तर थायरॉइडची तपासणी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. अनेक लॅबमधल्या चाचणीची रासायनिक रचनाच बायोटिनवर आधारलेली असते. त्यामुळे मोठ्या मात्रेतलं बायोटिन रक्तात असलं, की टीएसएच खोटंच कमी आणि टी३, टी४ खोटेच जास्त दिसू शकतात. थायरॉइड मंद असलेल्या माणसाचा रिपोर्ट ठीक दिसतो, निरोगी माणसाला नसलेला आजार चिकटतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन थांबवतात. मात्रा मोठी असेल तर किती दिवस थांबवायचं, ते डॉक्टरांना विचारा. 'केस, त्वचा, नखं' असं लिहिलेल्या बहुतेक गोळ्यांत बायोटिन असतं, म्हणून डबीवरची बारीक अक्षरं वाचा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर शक्यतो एकाच लॅबमध्ये आणि सकाळच्या एकाच वेळी रक्त द्यावं. त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यावी.

गोळी आधी, चहा नंतर

हायपोथायरॉइडिझममध्ये जी छोटी गोळी देतात, तिच्यात लेव्होथायरॉक्सिन असतं. शरीर जे टी४ बनवतं, तेच. 'आयुष्यभर गोळी' हे ऐकून घाबरणाऱ्यांनी एक जुनी गोष्ट लक्षात ठेवावी. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे जॉर्ज मरे या डॉक्टरांनी थायरॉइड निकामी झालेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. त्याआधी या आजारावर खात्रीचा उपचार नव्हता. त्या बाई हे औषध घेत पुढे २८ वर्षं जगल्या. त्यांना बाहेरून जे मिळालं, ते शरीराला हवंच असलेलं द्रव्य होतं. आजची गोळी तेच काम अधिक नेमकेपणाने करते.

पण गोळी नीट शोषली गेली पाहिजे. आपल्याकडे सकाळी डोळे उघडले की पहिला चहा, आणि इथेच घोटाळा होतो. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा, कॉफी, नाश्ता अर्ध्या ते एका तासानंतर. गोळीची बाटली रात्रीच उशाशी ठेवली, तर पहाटे जाग आल्यावर ती घेऊन होते आणि चहाही वेळेवर मिळतो. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या काही गोळ्या हिला शोषू देत नाहीत, त्या चार तासांनी घ्याव्यात. सकाळ अजिबात जमत नसेल, तर जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नका. बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि ती गॅसच्या शेगडीजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नका. उष्णता आणि दमट हवा दोन्ही तिला बाधतात.

मात्रा मनाने वाढवू नका. 'केस गळतायत, म्हणजे पॉवर कमी पडतेय' असा अंदाज बांधून दीड गोळी घेणारे आढळतात. जास्त झालेल्या संप्रेरकानेही केस गळतात, वर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो. मात्रा बदलल्यावर तिचा खरा परिणाम रक्तात दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी पुन्हा तपासून काही साधत नाही.

हायपरथायरॉइडिझमवर कार्बिमाझोलसारखी औषधं देतात. त्यांनी क्वचित केस गळू शकतात, पण त्या भीतीने औषध आपणहून बंद करू नये. ही औषधं चालू असताना ताप आला किंवा घसा खूप दुखू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्या.

धीर किती काळ?

आज गळणाऱ्या केसाचा निर्णय तीन महिन्यांपूर्वीच झालेला असतो. म्हणून गोळी सुरू झाल्यावरही काही आठवडे गळती तशीच राहते, कधी वाढल्यासारखीही वाटते. जे केस आधीच विश्रांतीत गेले आहेत, ते गळणारच. अनेकांचा गैरसमज नेमका याच टप्प्यावर होतो: गोळीनेच केस गेले! आणि गोळी सुटते.

टीएसएच मर्यादेत आल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत गुंतवळ लहान होऊ लागतो. तीन ते सहा महिन्यांत कपाळाच्या कडेला आणि भांगाजवळ छोटे, उभे राहणारे केस दिसतात. ते तेल लावूनही बसत नाहीत म्हणून चिडू नका, तीच नवी वाढ आहे. दाटपणा जाणवायला सहा महिने ते वर्ष. आणि लांबी? केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तीस सेंटिमीटर लांब व्हायला त्याला अडीच वर्षं लागतील. हा हिशेब आधीच ठाऊक असला, की दर आठवड्याला आरशासमोर निराश व्हावं लागत नाही. महिन्याच्या एक तारखेला, एकाच जागी, एकाच उजेडात भांगाचा फोटो काढून ठेवा. रोज न जाणवणारा बदल सहा फोटो शेजारी ठेवले की दिसतो.

टीएसएच सहा महिने मर्यादेत राहूनही गळती कमी होत नसेल, तर दुसरं कारण शोधायलाच हवं: लोहाची कमतरता, डेंग्यू किंवा टायफॉइडसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया, झटपट वजन उतरवण्याचं डाएट, पीसीओएस, घट्ट बांधलेले केस, किंवा भांग रुंद करत जाणारी आनुवंशिक विरळता. या शेवटच्या प्रकारात मिनॉक्सिडिलसारखी औषधं कामी येतात. ती त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरावीत, गरोदरपणात वापरू नयेत.

बाळंतपणाचा काळ विशेष सांभाळण्याचा. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस गळणं स्वाभाविक आहे आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत ते बहुधा सावरतं. पण त्याच वर्षात काही बायकांच्या थायरॉइडला सूज येते. आधी धडधड आणि चिडचिड, नंतर थकवा आणि उदासी. घरात 'बाळंतिणीचं असं व्हायचंच' म्हणून ते मागे पडतं. केसांबरोबर ही लक्षणं असतील, तर रक्त तपासा.

स्वयंपाकघर आणि फणी

आयोडीनयुक्त मीठ वापरा. उपवासाला सैंधव चालेल, पण आरोग्याच्या नावाखाली घरातलं सगळं मीठ बदलून आयोडीन नसलेलं सैंधव रोज वापरू नका. उलट, समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतून आयोडीनचा मारा करणंही थायरॉइड बिघडवतं. शिजवलेली कोबी-फुलकोबी नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नसते. डाळी, उसळी, अंडी, मासे, दूध यांतून प्रथिनं पोटात जायला हवीत, कारण केस प्रथिनांचाच बनतो. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर तिच्यातलं लोह चांगलं शोषलं जातं.

तेलावर रागवायचं कारण नाही. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, म्हणून राठ, तुटणाऱ्या केसांना त्याचा उपयोग होतो. बंद पडलेलं मूळ मात्र त्याने सुरू होत नाही. ओले केस विंचरू नका, रुंद दातांची फणी वापरा, घट्ट अंबाडा टाळा, आणि स्ट्रेटनिंग, रंग वगैरे केस सावरेपर्यंत पुढे ढकला. केस धुतले की जास्त गळतात म्हणून धुणं टाळू नका. जे सुटलेले असतात तेच पाण्याबरोबर जातात.

वाट पाहू नये असं काही

गोल चट्टे पडत असतील, टाळूवर पू, खवले किंवा व्रणासारखी गुळगुळीत चमक दिसत असेल, लहान मुलाचे केस गळत असतील, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गळ्यात गाठ जाणवली, डोळे पुढे आल्यासारखे दिसू लागले, धडधड थांबेना, किंवा थायरॉइडचा त्रास असताना दिवस राहिले, तर डॉक्टरांची भेट उद्यावर टाकू नका.

गुंतवळ वाढलेला दिसला, की आधी रक्त तपासा, तेल नंतर बदला. दोष सापडला तर गोळी रोज, वेळेवर, चहाच्या आधी घ्या आणि सहा महिने तिला आणि स्वतःच्या केसांना द्या. मुळं जागेवरच आहेत. त्यांना काम पुन्हा सुरू करायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्यांच्या पाठीशी उभे राहा.